पाणी शेवटी कुठे जाणार, ते आधी ठरवा

प्रश्न : दापोली तालुक्यातल्या एका गावातून एका वाचक ताईंचं सविस्तर पत्र आलं आहे. ठाण्यातली नोकरी सोडून त्या आणि त्यांचे यजमान सासरच्या गावी परतले. घरात सासू-सासऱ्यांसह पाच माणसं. आता घराशेजारी पाहुण्यांसाठी सहा खोल्या बांधायला घेतल्या आहेत. खोल्यांचा नकाशा ठरला, चिरे येऊन पडले, पण संडासाच्या पाण्याचं काय करायचं यावर घरात एकमत होईना. गवंडी म्हणतो, "बिनतळाची टाकी बांधू, जांभ्यात पाणी चटकन जिरतं, वर्षानुवर्षं उपसावी लागणार नाही." पुण्याहून दिरांनी त्यांच्या सोसायटीत आहे तसा तयार एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, बसवायला सांगितलं आणि दरपत्रकही पाठवलं. एक विक्रेता बायोडायजेस्टर, म्हणजे जिवाणूंनी मैला कुजवणारी तयार टाकी, घेऊन आला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आयुष्यभर काही बघावं लागत नाही. मैत्रिणीने सांडपाणी शुद्ध करणाऱ्या कर्दळीच्या वाफ्याचा फोटो पाठवला. घराची विहीर ठरवलेल्या जागेपासून जेमतेम चौदा मीटरवर आहे. उताराला खाली शेजाऱ्यांची विहीर आहे. सासरे म्हणतात, इतकी वर्षं शोषखड्डा आहे, विहिरीला काही झालं नाही. ताई विचारतात : "या सगळ्यांत सर्वांत चांगली पद्धत कोणती? एकदाच पैसे घालायचे आहेत आणि पुन्हा मागे वळून बघायचं नाही."

उत्तर :

पाया घालायच्या आधी तुम्ही हे विचारलंत, याचं मला फार बरं वाटलं. अशी पत्रं बहुतेक वेळा खोल्या उभ्या राहिल्यावर, विहिरीला वास यायला लागल्यावर येतात. तेव्हा हाताशी पर्याय फार थोडे उरलेले असतात.

पण तुमच्या प्रश्नातली दोन गृहीतकं आधी तपासून बघूया. पहिलं, या पद्धतींमध्ये कुठली तरी एक सर्वांत चांगली आहे. दुसरं, एकदा पैसे घातले की मागे वळून बघावं लागणार नाही. दुसरं तर कुठल्याच पद्धतीला लागू होत नाही, आणि तसं सांगणाऱ्या विक्रेत्याकडून काही घेऊ नका. पहिल्याचं उत्तर जागेवर अवलंबून आहे. यंत्र, टाकी किंवा वाफा यांची निवड सगळ्यांत शेवटी करायची असते. त्याआधी ठरवायचं ते हे : शुद्ध करून झालेलं पाणी शेवटी कुठे जाणार? पावसाळ्यात कुठे जाणार? आणि साठलेला गाळ कोण, कुठल्या वाटेने, कुठे नेणार? ही तीन उत्तरं कागदावर लिहिलीत की पर्यायांतले निम्मे आपोआप गळतात.

गवंड्यापासून सुरुवात करते, कारण त्याचं म्हणणं कोकणात घरोघरी ऐकू येतं आणि मला सगळ्यांत जास्त काळजी त्याचीच वाटते. जांभ्यात पाणी चटकन जिरतं हे अगदी खरं. पण आपल्याला ते चटकन जिरायला नको आहे. मैलापाण्यातले रोगजंतू मरतात ते मातीच्या वरच्या थरात, जिथे हवा आहे, मुळं आहेत, मातीतले जिवाणू आहेत आणि पाणी सावकाश सरकतं. जांभ्याच्या अंगात पोकळ्या आणि भेगा असतात. त्यांतून पाणी गाळून निघत नाही, नुसतं वाहत जातं. खोल खणलेला बिनतळाचा खड्डा तर वरची माती पूर्ण टाळून थेट त्या भेगांना जाऊन मिळतो. त्यात तुमच्याकडे वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस. आषाढ-श्रावणात जमिनीतलं पाणी वर चढतं, खड्ड्याचा तळ पाण्यात जातो, आणि खड्डा व विहीर यांच्यात अडवणारं काही उरत नाही. "उपसावी लागत नाही" याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो की टाकीतलं सगळं बाहेर निघून गेलं आहे.

सासऱ्यांचं म्हणणंही मी झटकून टाकणार नाही. पाच माणसांच्या घरात, बादलीने पाणी टाकायच्या काळात, तो शोषखड्डा कदाचित निभावून गेला असेल. पण "काही झालं नाही" हे डोळ्यांनी कळत नाही. जंतू असलेलं पाणीही नितळच दिसतं, आणि घरातल्या मोठ्यांना ते सोसतं. पाहुण्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला सोसेलच असं नाही. म्हणून वाद घालण्यापेक्षा तपासणी करा. ग्रामपंचायतीत पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या असतात, त्यांना एच-टू-एस बाटली म्हणतात. विहिरीचं पाणी खुणेपर्यंत भरायचं, बूच लावायचं आणि घरात सावलीला ठेवायचं. दोन दिवसांच्या आत पाणी काळं पडलं तर त्यात विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता आहे. त्यानंतर जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतून ई-कोलाय (विष्ठेतला जंतू) आणि नायट्रेट (मैल्यातून पाण्यात विरघळणारा क्षार) दोन्हींचा अहवाल घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे 100 मिलिलिटरमध्ये ई-कोलाय मुळीच सापडता कामा नये, आणि नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. नायट्रेट मुद्दाम सांगते, कारण पाणी उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. तपासणी उन्हाळ्यात एकदा आणि भर पावसात एकदा करा. फक्त मे महिन्याच्या अहवालावर विसंबू नका.

आणखी एक गोष्ट सासऱ्यांना बरोबर घेऊनच करा. मोठा पाऊस पडून गेला की विहिरीच्या कठड्यावरून आत नीट बघा. बांधलेला भाग संपतो त्याच्या खाली, जांभ्याच्या उघड्या अंगात, कुठून पाणी झिरपतंय ते दिसतं. कुठे नुसती ओल असते, कुठे एखाद्या भेगेतून बारीक धार लागलेली असते, तिच्या तोंडाशी तपकिरी-लाल रेघ उमटलेली असते. ती धार कुठल्या अंगाने येते? आगराच्या की जुन्या शोषखड्ड्याच्या? चाळीस-पन्नास पावसाळे त्या विहिरीवर काढलेल्या माणसाला हे बहुधा न बघताच सांगता येईल. पाणी कुठून कुठे जातं याची त्यांची माहिती कुठल्याही दरपत्रकापेक्षा मोलाची आहे. ती विचारा, नकाशावर बाणाने काढून घ्या. माझा अनुभव आहे की वडीलधाऱ्यांना "तुमचं चुकलं" असं ऐकवण्याऐवजी "पाणी कुठून येतं ते दाखवा" असं म्हटलं, की पुढचं बोलणं सोपं होतं.

आता अंतराचा मुद्दा. सेप्टिक टाकीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 2470 मध्ये, टाकीतून निघालेलं पाणी जिथे जमिनीत मुरवायचं ती जागा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान 18 मीटर दूर असावी असं सांगितलं आहे. तुमची चौदा मीटरवर आहे, म्हणजे ती जागा तिथेच बाद. शिवाय हे 18 मीटर साध्या मातीतून पाझरणाऱ्या पाण्यासाठी आहेत. भेगाळ जांभ्यात तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. निदान तीस मीटर आणि विहिरीच्या उताराला खालच्या अंगाला, असं धरून चला. पण तुमच्या उताराला खाली शेजाऱ्यांची विहीर आहे. जमिनीखालचं पाणी सातबारा बघून वाहत नाही. म्हणून दोन्ही विहिरींपासून दूर, उताराला आडवी अशी जागा शोधावी लागेल. त्यासाठी पाईप लांबवावा लागला तर लांबवा. चार इंची पाईपला चाळीस फुटांना एक फूट उतार पुरतो, म्हणजे चाळीस मीटरच्या लाईनला एक मीटर. पाईपचा खर्च विहीर बिघडल्यावर होणाऱ्या खर्चापुढे किरकोळ आहे.

पाणी किती, तेही मोजूया. सहा खोल्या भरल्या तर बारा पाहुणे आणि घरची पाच, एकूण सतरा माणसं. माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात आणि त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडतं. म्हणजे भरल्या दिवशी अठराशे लिटरच्या पुढे. पाहुणे नसताना पाच माणसांचं जेमतेम साडेपाचशे लिटर. हा चढउतार लक्षात ठेवा, कारण दिरांच्या सल्ल्याचा निकाल त्यावरच लागतो.

दीर चुकीचं सांगत नाहीत, ते त्यांच्या सोसायटीपुरतं बरोबर सांगतात. तिथे बहुधा एमबीबीआर असेल : टाकीत प्लास्टिकच्या छोट्या चकत्या तरंगतात, त्यांच्या अंगावर जिवाणूंचा थर वाढतो, ब्लोअरने सतत हवा दिली जाते आणि जिवाणू मैला खातात. काही ठिकाणी एसबीआर असतो, म्हणजे एकाच टाकीत पाणी भरायचं, हवा द्यायची, गाळ बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी काढायचं, हे सगळं ठरलेल्या वेळेने आळीपाळीने. एमबीआरमध्ये पाणी अतिशय बारीक छिद्रांच्या पडद्यातून ओढतात, त्यामुळे ते फार स्वच्छ मिळतं, पण पडदे रसायनांनी धुवावे लागतात आणि काही वर्षांनी बदलावे लागतात. शेकडो माणसांच्या सोसायटीत, जिथे जागा कमी आहे, पाणी रोज जवळजवळ सारखं येतं आणि पगारी ऑपरेटर आहे, तिथे या पद्धती शोभतात. अशा सोसायट्यांच्या कमिट्यांचीही पत्रं येतात, त्यांना एवढंच सांगते : एमबीबीआर की एसबीआर यावर सभा रंगवण्याआधी, आहे तो प्लांट रात्री चालू असतो का ते जाऊन बघा. वीजबिल वाचवायला ब्लोअर बंद ठेवला जात असेल तर नवं तंत्रज्ञानही तसंच मरेल.

तुमच्याकडे ही पद्धत अडते ती वेगळ्या कारणांनी. हवेवर जगणाऱ्या जिवाणूंना रोज खाणंही लागतं आणि हवाही. पाहुणे नसलेल्या आठवड्यांत ते उपाशी राहतात, गणपतीत किंवा दिवाळीच्या सुट्टीत एकदम तिप्पट पाणी येतं तेव्हा ते पुरे पडत नाहीत. वादळात दोन-दोन दिवस वीज जाते ते तुम्ही मला सांगायची गरज नाही. समुद्राजवळच्या एका बंगल्यावर असा तयार प्लांट मी पाहिला आहे. मालक नसताना माळ्याने मेन स्विच बंद केला होता. झाकण उघडलं तेव्हा आतल्या चकत्या काळ्याकुट्ट पडल्या होत्या, कुजक्या अंड्यांचा वास डोळ्यांना झोंबत होता, आणि बाहेर पडणारं पाणी आत आलेल्याहून फार वेगळं नव्हतं. यंत्रात दोष काहीच नव्हता. खर्चाचाही अंदाज घ्या : अर्ध्या एचपीचा ब्लोअर दिवसरात्र चालला तर दिवसाला नऊएक युनिट, महिन्याला अडीचशेच्या वर. हे पाहुणे असोत वा नसोत.

बायोडायजेस्टरबद्दल. हे तंत्र आपल्या डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेने अतिउंचावरच्या थंडीत राहणाऱ्या जवानांसाठी विकसित केलं आणि पुढे रेल्वेच्या डब्यांतही आलं, त्यामुळे त्याला टाकाऊ म्हणणार नाही. पण मूळ काम तेच : हवेशिवाय जगणारे जिवाणू मैला कुजवतात, सेप्टिक टाकीत होतं तसंच. बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू असतातच, त्याला पुढची प्रक्रिया लागतेच, आणि जे कुजत नाही ते तळाशी साठतंच. विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा : बाहेर येणारं पाणी मी कुठे सोडू, आणि पाच वर्षांपूर्वी बसवलेल्या तुमच्या दोन गिऱ्हाइकांकडे मला नेता का? उत्तर ऐकून तुम्हालाच कळेल.

काही वाचक विचारतील, मग दोन खड्ड्यांचा संडास का नको? कुटुंबापुरता, योग्य मातीत, तो मला आजही सर्वांत आवडतो. एक खड्डा भरला की दुसरा चालू करायचा, पहिला दोन वर्षं तसाच ठेवायचा. मग आत मिळतं ते हाताळण्याजोगं खत असतं. तुमच्याच कोकणात, कणकवलीच्या गोपुरी आश्रमात, गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास आणि सोनखताचं काम उभं केलं ते मैला वाहण्यातून माणसाची सुटका व्हावी म्हणून. देशावर मुरमाड जमिनीत, जिथे पाणी खोल आहे, तिथे घरच्या संडासाला हाच पर्याय आधी बघावा. काळ्या चिकण मातीत खड्डे मोठे घ्यावे लागतात, कारण पाणी जिरतच नाही. आणि भेगाळ जमिनीत खड्डा करावाच लागला तर तळ काँक्रीटने बंद करून भोवती अर्धा मीटर जाडीचा बारीक वाळूचा वेढा भरतात, म्हणजे पाणी वाळूतून गाळून निघतं. पण या खड्ड्यांत न्हाणीचं पाणी सोडून चालत नाही, आणि सहा खोल्यांचा फ्लश तर त्यांना झेपणारच नाही. म्हणून तुमच्यासाठी नाही.

मग तुमच्यासाठी काय? माझं स्पष्ट मत : पाणी न गळणारी, पक्क्या तळाची, नीट मापाची सेप्टिक टाकी; तिला जोडून आडव्या भिंतींचे दोन-तीन कप्पे; त्यापुढे कर्दळीचा खडीचा वाफा; आणि शेवटी झाडांखाली उथळ चर. ही विकेंद्रित, म्हणजे सांडपाणी जागच्या जागी शुद्ध करायची, पद्धत देशात वसतिगृहांत आणि रुग्णालयांत चालते आहे. पुदुच्चेरीच्या अरविंद नेत्र रुग्णालयात यापेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर आहे. उतार मिळाला तर विजेचा एक युनिटही लागत नाही. पाहुणे कमी-जास्त झाले तरी ती रुसत नाही. म्हणजे तुमच्या मैत्रिणीचा फोटो योग्य होता, फक्त वाफा एकटा पुरत नाही. आधी गाळ बसवला नाही तर खडी बुजते.

लोक सेप्टिक टाकी बांधतात आणि काम झालं समजतात. टाकी फक्त जड ते खाली बसवते, हलकं वर तरंगवते आणि थोडं कुजवते. मधलं पाणी दिसायला बरं, पण जंतूंनी भरलेलंच बाहेर पडतं. म्हणून पुढचे टप्पे टाळता येत नाहीत. मापाचं म्हणाल तर दोन दिवसांचं पाणी मावेल एवढी जागा आणि त्यावर दोन-तीन वर्षांचा गाळ, असे साडेपाच हजार लिटर धरा : आतून तीन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद, पाण्याची खोली दीड मीटर. मध्ये भिंत घालून दोन भाग करा, पहिला मोठा. पाणी आत येतं आणि बाहेर जातं त्या दोन्ही तोंडांना टी आकाराचा पाईप हवाच. हा टी गवंडी विसरतात किंवा खर्च वाचवायला गाळतात, आणि मग वर तरंगणारी साय सरळ वाफ्यात जाऊन बसते. मिस्त्रीसमोर उभं राहून तो बसवून घ्या. वासासाठी व्हेंट पाईप खोल्यांच्या छपरापेक्षा दोन मीटर उंच न्या, तोंडाला डासांची जाळी बांधा.

पुढच्या कप्प्यांत पाणी प्रत्येक वेळी तळाशी सोडतात आणि वर चढायला लावतात, म्हणजे ते तिथल्या जिवाणूंच्या गाळातून जातं. त्यानंतरचा वाफा माणशी साधारण दीड चौरस मीटर, म्हणजे तुमच्यासाठी पंचवीसएक चौरस मीटर. आठ मीटर लांब, तीन मीटर रुंद. खोली दोन फूट. तळ आणि बाजू पक्क्या किंवा जाड प्लास्टिक कागदाने बंद, नाहीतर सगळं पाणी पुन्हा जांभ्यात. सुरुवातीला आणि शेवटी मोठे दगड, मध्ये धुतलेली खडी, मातकट नको. पाण्याची पातळी खडीच्या वरच्या थराखाली तीन-चार इंच राहिली पाहिजे. वर पाणी दिसता कामा नये. दिसलं नाही तर डास नाहीत, वास नाही, आणि पाहुण्यांना ती फक्त फुललेली कर्दळ वाटते. वाफ्याला बाजूने बांध घाला आणि छपराची पन्हळ त्यात येणार नाही हे बघा, नाहीतर पहिल्या मुसळधार सरीत सगळं वाहून जाईल.

वाफ्यातून निघालेलं पाणी बरंच स्वच्छ असतं, तरी जंतुमुक्त समजू नका. माड, केळी, पोफळी यांच्या मुळांशी, पालापाचोळ्याखाली झाकलेल्या चरातून द्या. पालेभाजीला, कोथिंबिरीला कधीही नाही, आणि अंगणात शिंपडायलाही नाही. आता पावसाळा. तेव्हा माडांना पाणी नको असतं, पण घरातलं पाणी थांबत नाही. म्हणून चर उथळ हवा, फूट-दीड फूट, आणि लांब. उताराला आडवा, आवारातल्या त्यातल्या त्यात उंच आणि जास्त मातीच्या जागी. माती कमी असेल तर बाहेरून आणून उंचवटा करा. त्याआधी जिरण्याची चाचणी घ्या : चराच्या खोलीएवढा हातभर रुंद खड्डा, आदल्या दिवशी पाणी भरून माती तृप्त करा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि पाणी एक इंच खाली उतरायला किती मिनिटं लागतात ते बघा. तासाभरातही इंच उतरत नसेल तर ती जागा सोडा. आणि डोळ्यांदेखत भर्रकन नाहीसं होत असेल तर तीही सोडा. तिथे खाली भेग आहे.

स्वयंपाकघर विसरू नका. तुमच्याकडे पाहुणे सोलकढी आणि तळलेल्या माशांसाठी येणार. खोबऱ्याचं तेल पाईपात गोठतं आणि वाफा मारतं. भांडी घासायच्या जागेखालीच तेल अडवणारं छोटं चेंबर बांधा, आणि आठवड्याला वरचा थर काढून टाका. न्हाणीचं पाणी माडाला सोडायची कोकणातली जुनी रीत चांगलीच आहे. खोल्यांच्या न्हाणीचा पाईप संडासाच्या पाईपपासून वेगळा काढलात तर टाकीवरचा भार बराच कमी होईल. पण हे आत्ताच, पाया भरताना होतं. नंतर फरशी उखडावी लागते. टाकीचं माप मात्र सगळं पाणी धरून वर सांगितलंय तेवढंच ठेवा. खोल्यांमध्ये ॲसिड आणि फिनेल ओतणं बंद करा, साधा साबण आणि ब्रश पुरे. सॅनिटरी पॅड आणि ओले टिश्यू टाकायला झाकणाचा डबा ठेवा, आणि तशी पाटी मराठीत ठळक लावा.

आता गाळ. दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी लागेलच. टँकर तुमच्या पाणंदीतून आत येतो का? येत नसेल तर टाकी रस्त्याजवळ घ्या, जिथवर गाडीची नळी पोचेल. टँकरवाल्याला तो गाळ कुठे नेऊन टाकतो हेही विचारा. ओढ्यात टाकत असेल तर त्याला बोलावू नका, जवळच्या नगरपंचायतीकडे चौकशी करा. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी घरोघरच्या टाक्या ठरलेल्या वेळापत्रकाने उपसून गाळावर प्रक्रिया करायला सुरुवात केली, त्याला आता बरीच वर्षं झाली. तुमच्या भागातल्या होमस्टेवाल्यांनी एकत्र येऊन अशी मागणी केली तर ती कानावर घेतली जाईल, असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट कधीही, कुठल्याही अडचणीत करायची नाही : टाकीत माणूस उतरवायचा नाही. आतला वायू दिसत नाही, आणि पहिल्याला काढायला उतरलेला दुसराही परत येत नाही, असं आपल्या राज्यात पुन्हा पुन्हा घडलं आहे. 2013 च्या कायद्याने संरक्षणाशिवाय टाकीत उतरवून साफसफाई करून घेणं गुन्हा आहे. उपसा यंत्रानेच. झाकणं जड ठेवा, मुलांना उचलता येणार नाहीत अशी.

पैसे एकदम पुरणार नसतील तर खोल्या चारच बांधा, पण हे काम अर्धवट ठेवू नका. आणि पुढे खोल्या वाढवायच्या असतील तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते का, हे वाढवण्याआधी विचारून घ्या. जुना शोषखड्डाही चालू राहता कामा नये. नवी टाकी सुरू झाली की तो उपसून, चुना टाकून, मातीने भरून घ्या, आणि घरच्या संडासाचा पाईप नव्या टाकीला जोडा. नाहीतर पाहुण्यांच्या पाण्याची एवढी काळजी घेऊनही विहिरीची दुखणी तशीच राहतील.

गवंड्याला वगळू नका. चिऱ्याचं काम त्याच्याइतकं कोणाला येणार नाही. फक्त चिरे सच्छिद्र असतात, म्हणून आतून सिमेंटचा दोन हातांचा गिलावा त्यात धरायला सांगा, आणि शेवटचा हप्ता चाचणीनंतर द्यायचं आधीच बोलून ठेवा. टाकी काठोकाठ भरून एक दिवस तशीच ठेवा, म्हणजे चिरे पाणी पिऊन घेतील. मग पुन्हा भरा, पाण्याच्या रेषेवर खडूने खूण करा आणि वर झाकण घाला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी सगळ्यांनी मिळून बघा. खूण उघडी पडली असेल तर गिलावा पुन्हा करून घ्या, आणि पाईप त्यानंतरच जोडा.